खानदेशाच्या वर्गातल्या भाषा

२०११च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा खानदेशी गटातली नोंदली गेली. त्यात बहुतांश अहिराणी. धुळे-अमळनेर पट्ट्यात ती घराघरांत आहे. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यात पावरी. मराठी शाळेतलं पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत. पाड्यावरचं सहा वर्षांचं मूल प्रश्नच न कळल्यानं गप्प राहतं आणि ‘कच्चं’ ठरतं. हा उघड अन्याय आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं संविधानाचा अनुच्छेद ३५०क १९५६पासून सांगतो. शाळेत न गेलेल्या, बोलीतच ओव्या रचणाऱ्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचं नाव २०१८पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे.