एफिससचा धक्का शोधताना

रोमन साम्राज्यात आशिया प्रांतावर, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानवर, नवा सुभेदार नेमला गेला की त्याने कोणत्या वाटेने यायचं हे त्याच्या मर्जीवर नव्हतं. प्रांतातल्या लोकांनी विनंती केली आणि सम्राट कॅराकॅलाने ती मान्य केली : सुभेदाराने समुद्रमार्गेच यावं आणि प्रांतातल्या महानगरांपैकी पहिलं पाऊल एफिससला ठेवावं. उल्पियन या कायदेपंडिताने हे लिहून ठेवलं, आणि सहाव्या शतकात जस्टिनियनने करवून घेतलेल्या विधिसंग्रहात ते गेलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. एफिससकरांना आपल्या धक्क्याचा केवढा अभिमान असेल, ते यावरून कळावं.

आज भूमध्य समुद्रातल्या क्रूझवरून दर मोसमात लोकांचे लोंढे एफिसस पाहायला येतात. पण जहाज एफिससला लागत नाही. ते लागतं कुशादासीला, वीसेक किलोमीटर अलीकडे. तिथून पुढे वातानुकूलित बस, छातीवर गटाच्या नंबराचं स्टिकर, गाईडच्या हातात उंच धरलेली पाटी. अथेन्सजवळच्या पिरियसहून निघणाऱ्या ग्रीस-तुर्कस्तान क्रूझवर आता मराठी मंडळीही बऱ्यापैकी दिसतात. त्यांच्या वाट्याला एफिसस येतं ते अर्ध्या दिवसाचं. त्यातला काही वेळ परतीच्या वाटेवरच्या चामड्याच्या नाहीतर गालिच्यांच्या दुकानाला द्यावा लागतो, कारण बस तिथे थांबतेच. उरलेल्या दोनेक तासांत माणूस जे पाहतो, ते सुंदर असतं यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जे गाव बंदर म्हणून जगलं आणि बंदर गेलं म्हणून संपलं, त्या गावातून लोक बंदर न पाहताच परततात.

बस सोडते वरच्या अंगाला, मॅग्नेशिया दरवाजापाशी. तिथून उतारच उतार. वरचा चौक, सभागृह, मग क्युरेटीज रस्त्याचे गुळगुळीत संगमरवरी दगड, हेड्रियनचं देखणं छोटं मंदिर, सार्वजनिक शौचालय (इथे प्रत्येक गाईड तोच विनोद करतो), आणि उताराच्या टोकाला सेल्ससच्या ग्रंथालयाचा दुमजली दर्शनी भाग. सेल्सस हा आशियाचा सुभेदार होऊन गेलेला माणूस. त्याच्या मुलाने बापाचं स्मारक म्हणून दुसऱ्या शतकाच्या आरंभी हे ग्रंथालय बांधायला घेतलं, आणि सेल्ससची शवपेटी त्याच्या पोटातच आहे. आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो तो दर्शनी भाग मात्र १९७० ते १९७८ या काळात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले तुकडे जुळवून पुन्हा उभा केलेला. कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात. वाटेत डाव्या हाताला उतारावरची श्रीमंतांची घरं लागतात. त्यांचं तिकीट वेगळं, म्हणून बहुतेक गट ती टाळतात. मी म्हणेन, चामड्याचं दुकान टाळा आणि ही घरं पाहा. तिसऱ्या शतकातल्या भूकंपात ती गाडली गेली, म्हणूनच भिंतींवरची चित्रं, जमिनीवरची मोझाइकं आणि कुणीतरी भिंतीवर खरडलेले खर्चाचे हिशेबसुद्धा टिकले.

हा उतरता रस्ता बसवाल्यांनी सोयीसाठी शोधला असेल, पण तो नवा नाही. इसवीसन १०४ मध्ये गायस व्हिबियस सल्युटारिस नावाच्या धनिकाने आर्टेमिस देवीला २०,००० दिनारांचं मुद्दल अर्पण केलं. त्याच्या ९ टक्के व्याजातून खर्च कसा करायचा, कुणाला किती वाटायचं, हे साडेपाचशेहून अधिक ओळींच्या शिलालेखात कोरलं. शिवाय सोन्या-चांदीच्या तीसेक मूर्ती दिल्या. ठरलेल्या दिवशी त्या मूर्ती देवळातून निघायच्या, मॅग्नेशिया दरवाजाशी गावातले तरुण त्या आपल्याकडे घ्यायचे, उतारावरून नाट्यगृहापर्यंत मिरवत न्यायचे आणि दुसऱ्या दरवाजाने पुन्हा देवळाच्या वाटेला लावायचे. वर्षातून कितीतरी वेळा निघणारी ही देवीची पालखीच म्हणायची. स्टिकर लावलेले गट आज त्याच वाटेने त्याच दिशेला चालतात.

या शिलालेखाने पुढे आणखी एक काम केलं. जॉन टर्टल वुड हा इंग्रज वास्तुविशारद स्मर्ना-आयदिन रेल्वेच्या स्थानकांचे आराखडे करायला तुर्कस्तानात आला आणि सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या आर्टेमिसच्या देवळाने झपाटला. ब्रिटिश म्युझियमच्या पैशावर त्याने १८६३ मध्ये शोध सुरू केला. एवढं मोठं देऊळ, रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे १२७ खांबांचं, पण जमिनीवर त्याचा मागमूस नाही. १८६६ मध्ये नाट्यगृहात सल्युटारिसचा लेख हाती आला. त्यात मिरवणुकीची वाट होती. वुडने मॅग्नेशिया दरवाजा हुडकला आणि तिथून जुन्या रस्त्याचा माग काढत निघाला. ३१ डिसेंबर १८६९ रोजी त्याच्या मजुरांची कुदळ देवळाच्या संगमरवरी फरशीला लागली. फरशी होती सुमारे सहा मीटर गाळाखाली.

त्या सहा मीटरांपाशी थांबायला हवं. एफिससची खरी गोष्ट तिथे सुरू होते.

काइस्ट्रोस नदी, आजची कुचुक मेंदेरेस, डोंगरातून माती आणते आणि खाडीत टाकते. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसच्या लक्षात आलं होतं की एफिससभोवतीची जमीन नदीने भरून काढलेली आहे. प्लिनी सांगतो, एकेकाळी समुद्र आर्टेमिसच्या देवळाला लागून होता. समुद्र मागे सरकला तशी वस्ती त्याच्यामागे गेली, आणि दर वेळी राजीखुशीने गेली असं नाही. अलेक्झांडरचा सेनापती लायसिमाकस याने इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभी नव्या जागी तटबंदी बांधली, पण लोक जुनी घरं सोडेनात. भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की राजाने मुसळधार पावसाची वाट पाहिली आणि सांडपाण्याची गटारं बुजवून टाकली. गावात पाणी भरलं, आणि लोक आनंदाने नव्या गावात गेले! पुनर्वसनाचा हा प्रकार ऐकून कुणाला काही आठवलं तर तो दोष स्ट्रेबोचा नाही.

नव्या गावाला नवं बंदर मिळालं, आणि गाळही. पुढे पर्गामॉनचा राजा दुसरा ॲटालस याला वाटलं, बंदराचं तोंड फार रुंद आहे, तिथे बांध घातला तर पाणी खोल राहील आणि मोठी व्यापारी जहाजं आत येतील. बांध घातला. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर गाळ बाहेर वाहून जायचा, तो आता आतच अडकला आणि मुखापर्यंत सगळं बंदर उथळ झालं. हेही स्ट्रेबोनेच नोंदवलंय. आणि लगेच तो हेही सांगतो की टॉरस पर्वताच्या अलीकडच्या आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ एफिससच आहे आणि ती रोज वाढतेय. गाळ आणि भरभराट इतकी शतकं शेजारी नांदली, हे मला या गावाचं खरं नवल वाटतं.

भरभराटीचे पुरावे दगडात आहेत. सम्राट नीरोच्या काळात एफिससच्या कोळ्यांनी आणि मासळी विकणाऱ्यांनी मिळून मासेमारीवरच्या जकातीसाठी नाका बांधला आणि कुणी काय दिलं त्याची यादी कोरली. मोठे देणगीदार वर, म्हणजे ज्यांनी खांब दिले ते. किरकोळ रकमेचे खाली. सुभेदार बारेया सोरानस याने बंदर मोकळं करण्यात जातीने लक्ष घातलं. इतिहासकार टॅसिटस म्हणतो, त्याच्या या तत्परतेनेच नीरोचा राग वाढला. इसवीसन ६६ मध्ये सोरानसला मृत्युदंड झाला.

दुसऱ्या शतकातला सुभेदार अँटोनियस आल्बस याचा एक जाहीरनामा तर आजच्या कोणत्याही बंदर अधिकाऱ्याने काढला असता असा आहे. लाकूड आणणाऱ्यांनी धक्क्यावर जड ओंडके रचू नयेत, दगड कापणाऱ्यांनी तिथे दगड कापू नयेत; वजनाने खालचे आधार खचतात, आणि कापताना पडणारा चुरा पाण्यात जाऊन प्रवाह अडतो. ग्रंथालयासमोरून जाताना त्या संगमरवराचा चुरा कुठे गेला असेल, हा प्रश्न जाहीरनामा वाचल्यापासून मला सोडत नाही.

सम्राट हेड्रियन स्वतः मोठा प्रवासी. इसवीसन १२९ मध्ये एफिससच्या सभेने त्याच्या सन्मानार्थ लेख कोरला : त्याने बंदर नौकानयनायोग्य केलं आणि बंदराची नासाडी करणारी काइस्ट्रोस नदी वळवली. त्याच हेड्रियनचं एफिससच्या सभेला लिहिलेलं शिफारसपत्रही मिळालंय, आणि तो माझा या सगळ्यातला आवडता दस्तऐवज आहे. ल्युशियस एरास्टस हा एफिससचा जहाजवाला. तो सुभेदारांना ने-आण करतो, मलाही त्याने दोनदा नेलं, एकदा एफिससहून ऱ्होड्सला आणि आता इल्युसिसहून इथे, असं सम्राट लिहितो. एरास्टसला नगरसभेचा सभासद व्हायचंय. छाननी तुम्हीच करा, पण तो पात्र ठरला तर सभासदत्वाची रक्कम मी भरतो. आजच्या क्रूझवर कप्तानासोबत जेवण आणि एक फोटो मिळतो. एरास्टसला उतारूने नगरसेवकपद मिळवून देण्याचा प्रयत्न केला.

गाळाच्या आत काय होतं तेही आता कळलंय. जर्मन भूगोलतज्ज्ञ हेल्मुट ब्रुकनर आणि सहकाऱ्यांनी नळ्या ठोकून मैदानातले मातीचे थर वर काढले आणि किनारा कधी कुठे होता याचे नकाशे मांडले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एफिससच्या शौचालयांमधून आणि बंदराच्या कालव्यातून घेतलेल्या नमुन्यांत माणसाच्या आतड्यातल्या कृमींची अंडी सापडली. गाईडच्या विनोदाचं शौचालय आणि ते बंदर, यांचा असा संबंध आहे.

हे बंदर पाहायचं कसं? ग्रंथालयापासून पुढे गेलात की पंचवीसेक हजार प्रेक्षकांचं नाट्यगृह लागतं. चांदीची देवळं घडवणारा सोनार डिमिट्रियस ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलच्या प्रवचनांनी धंदा बुडतो म्हणून खवळला आणि जमाव घेऊन आला तो इथेच, असं बायबल सांगतं. (हाच पॉल पुढच्या एका सफरीत वेळ मोडेल म्हणून एफिससला न थांबता पुढे गेला. क्रूझवाल्यांची घाई एवढी नवी नाही.) नाट्यगृहापासून सरळ पश्चिमेला एक रुंद, सरळसोट रस्ता जातो, सुमारे अर्धा किलोमीटर. त्याला सम्राट आर्केडियसचं नाव आहे, आणि त्याच्या दुतर्फा कमानींखाली ५० दिवे लागत असल्याचा लेख मिळाला आहे. सुभेदार, व्यापारी, यात्रेकरू धक्क्यावर उतरून याच रस्त्याने गावात शिरायचे. गट तिथून डावीकडे न पाहता उजवीकडे, बाहेरच्या फाटकाकडे आणि आइस्क्रीमकडे वळतात.

नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्या खुल्या असतील तर चढा. रस्ता जिथे संपतो तिथे झाडोरा, आणि त्यामागे बोरूच्या बेटांनी भरलेली दलदल. तिची कड अजून कोनाकोनांची आहे. रोमन बंदराचा घाट तसाच षटकोनी होता. त्यापलीकडे शेतं. समुद्र पाचेक किलोमीटरवर.

मध्ययुगात इटालियन व्यापाऱ्यांनी जवळच नवं बंदर धरलं आणि व्यापार तिकडे गेला. तेच आजचं कुशादासी. २०१५ मध्ये एफिसस युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं, आणि त्याच सुमाराला तुर्कस्तान सरकारने समुद्रापासून प्राचीन बंदरापर्यंत कालवा खणायची योजना मांडली, म्हणजे पर्यटकांना पुन्हा होडीने एफिससला उतरता येईल. कल्पना मोहक आहे. नदीने मात्र आपलं काम थांबवलेलं नाही. त्यामुळे दरवर्षी गाळ कोण उपसणार आणि कोणाच्या पैशाने, हा रकाना त्या योजनेत आधी भरलेला असावा. आणि धक्का झालाच, तर तिथे आल्बसचा जाहीरनामा तुर्कीत भाषांतर करून लावावा, चामड्याच्या दुकानाच्या पाटीपेक्षा मोठ्या अक्षरांत.