गव्हाण

हिंगोली जिल्ह्यातील औंढा, कळमनुरी, सेनगाव वा वसमत यांपैकी कोणत्याही भागात पहाटेच्या वेळी शेतातील एखाद्या आखाड्यावर गेले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. वैरण घेऊन येणाऱ्या माणसाच्या पावलांची चाहूल लागताच दावणीची जनावरे उठून उभी राहतात. गडद तांबड्या रंगाचा लाल कंधारी बैल मान पुढे करतो, काळ्या-पांढऱ्या अंगाची देवणी गाय हंबरते आणि कडबा गव्हाणीत पडतो न पडतो तोच त्यांची तोंडे तीत बुडतात. माणूस आपल्या पुढ्यातील ताट एकदा न्याहाळतो. दाताखाली खडा आला तर घास थुंकून टाकतो. या मुक्या जिवांना तशी सोय नाही. धन्याने पुढे टाकले ते खाण्याजोगेच असणार, या विश्वासावर ती खातात. तो विश्वास राखावयाचा असेल, तर गव्हाण कशी असावी आणि कशी राखावी, हे नीट समजून घेतले पाहिजे.

गव्हाण म्हणजे जनावरांचे ताट. कोठे ती दगडमातीची असते, कोठे लाकडी फळ्यांची, तर कोठे विटा व सिमेंट यांची. तिची परंपरा फार जुनी आहे. येशू ख्रिस्त जन्मला तेव्हा त्याला गव्हाणीत निजविले होते, असे बायबलात सांगितले आहे. गव्हाणीत बसून स्वतः गवत न खाणाऱ्या व बैलालाही खाऊ न देणाऱ्या कुत्र्याची गोष्ट तर जगभर प्रसिद्ध आहे. त्या कुत्र्याने बैलाला नुसते उपाशी ठेवले. परंतु गव्हाणीत दडलेला एखादा खिळा बैलाचा प्राणही घेऊ शकतो. हे कसे घडते?

गाईच्या वरच्या जबड्यास पुढचे दात नसतात. ती आपल्या लांब, खरखरीत जिभेने वैरणीला वेढा घालते आणि घास तोंडात ओढते. जिभेवरील काटे आतल्या बाजूस वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेली वस्तू सहसा बाहेर पडत नाही. शिवाय गाय प्रथम घाईने गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. शेळी ओठांनी निवडून एकेक पान खुडते. गाईला अशी निवड करता येत नाही. कडब्याबरोबर तारेचा तुकडा आला, तर तोही मुकाट्याने पोटात जातो.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी जाळीपोट नावाच्या कप्प्यात जड वस्तू साठून राहतात. तेथील आतील आवरण मधमाश्यांच्या पोळ्यासारखे असते. हा कप्पा सतत आकुंचन पावतो. त्या दाबाने अणकुचीदार तार त्याची भिंत भेदून पुढे सरकते. पुढे श्वासपटलाचा पातळ पडदा आणि त्यापलीकडे अगदी जवळच हृदय! जनावर वैरण सोडते, दूध एकाएकी आटते, पाठीस बाक येतो, बसता-उठताना ते कण्हते. त्याच्या धन्याला वाटते, अपचन झाले असेल. वेळीच पशुवैद्यास बोलाविले, तर शस्त्रक्रिया करून तार काढता येते. परंतु ती हृदयापर्यंत पोहोचल्यावर सहसा कोणाचाच इलाज चालत नाही. कित्येक देशांत गाईच्या पोटात लहानसा लोहचुंबक सोडून ठेवतात. गिळलेले खिळे त्यास चिकटून राहतात व पुढे सरकत नाहीत. तथापि खिळा पोटात जाऊच न देणे हा उपाय त्याहून सोपा व स्वस्त आहे.

पूर्वी कडब्याची पेंढी ज्वारीच्याच ताटाला पीळ देऊन केलेल्या आळ्याने बांधीत. तो आळा जनावराने खाल्ला, तरी बाधत नसे. आता पेंढीला सुतळी, नायलॉनची दोरी, क्वचित तारही दिसते. गेल्या काही दशकांत या जिल्ह्यातील ज्वारीच्या अनेक शेतांत सोयाबीन व हळद आली, त्यामुळे कडबा कमी झाला आणि सोयाबीनचे कुटार गव्हाणीत येऊ लागले. मळणीयंत्राजवळून भरून आणलेल्या कुटारात एखादा नट किंवा खिळा मिसळला, तर तो डोळ्यांना दिसतही नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची कथा याहून वेगळी नाही. महाराष्ट्रात २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी आली, तरी उकिरड्यावरून त्या अद्याप नाहीशा झालेल्या नाहीत. प्लॅस्टिक पोटात पचत नाही. त्याचे गोळे साठत जातात आणि भरल्या पोटी जनावर खंगत जाते.

गव्हाणीइतकीच काळजी इतर भांड्यांचीही घ्यावयास हवी. कडा फाटलेल्या घमेल्यात पेंड चारली, तर जिभेस जखम होते. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी त्यात पाणी पाजणे म्हणजे विषाची परीक्षा पाहणे होय. युरियाच्या पोत्यातून वैरण वाहणेही धोक्याचे असते. पोत्यास चिकटलेला युरिया पोटात गेल्यास जनावर काही वेळातच दगावू शकते.

मग चांगली गव्हाण कशी असावी? मोठ्या जनावरास तिच्यासमोर दोन ते अडीच फूट जागा मिळावी, म्हणजे दांडगे जनावर दुबळ्यास हुसकावून लावीत नाही. तिचा तळ गुळगुळीत व कोपरे गोलाकार असावेत, म्हणजे जुनी वैरण तेथे अडकून कुजत नाही. लाकडी गव्हाणीत खिळ्याचे टोक वर आलेले नसावे. पाणी निघून जाण्यास एका बाजूस छिद्र असावे. वैरण कापून टाकली, तर नासाडी कमी होते. मात्र कापण्यापूर्वी पेंढीची दोरी सोडून ती मोजून बाजूस ठेवावी.

शेळीची तऱ्हा निराळी आहे. तिला जमिनीवर पडलेला चारा आवडत नाही. पायाखाली तुडविलेला, लेंड्यांनी माखलेला पाला ती हुंगून सोडून देते. तो तिने खाल्लाच, तर त्याबरोबर जंतांची अंडी पोटात जातात. म्हणून तिच्यासाठी चारा टांगून ठेवावा, किंवा भिंतीस लाकडी पट्ट्यांची जाळी बसवून तीत ठेवावा. पट्ट्यांमधील फटी अशा असाव्यात, की शेळीचे तोंड जाईल. परंतु करडाचे डोके आत अडकणार नाही. सैल दोरीची जाळी टांगू नये. तीत पाय किंवा मान गुरफटून करडू गुदमरते. घरी ससा पाळणाऱ्यांनीही हेच ध्यानी धरावे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो प्लॅस्टिकचे भांडेदेखील कुरतडून खातो. त्याला चिनीमातीचे जड, न लवंडणारे भांडे द्यावे.

गव्हाण निर्दोष असली, तरी तीत पडणारी वैरणही निर्दोष हवी. पावसात भिजून काळी पडलेली, बुरशी आलेली वैरण टाकून द्यावी. ज्वारीची कोवळी हिरवी ताटे, विशेषतः पाण्यावाचून खुरटलेली, गाईपुढे कधीही टाकू नयेत. त्यांत विषारी द्रव्य असते व त्यामुळे ‘किरळ’ लागून जनावर तडफडून मरते. तीच ज्वारी पक्व होऊन वाळली, म्हणजे उत्तम कडबा होतो.

हे सारे नियम पाळण्यास मोठा खर्च लागत नाही. वैरण टाकण्यापूर्वी गव्हाण झाडावी आणि तिच्या तळावरून एकदा हात फिरवावा, एवढी सवय पुरेशी आहे. डोळ्यांना न दिसलेला खिळा बोटांना सापडतो. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून बैलांची मिरवणूक काढली जाते व त्यांना पुरणपोळी खाऊ घातली जाते. हा सन्मान वर्षातून एकच दिवस लाभतो. उरलेल्या दिवसांत बैलाचे कुशल रोज पहाटे गव्हाणीतून फिरणाऱ्या त्या हातावर अवलंबून असते.