औषध सापडले, ते पोचले कसे?

एखाद्या रोगावर औषध सापडले की तो रोग हटला, असे आपण धरून चालतो. पण औषध सापडणे निराळे आणि ते गरिबाच्या हाती पडणे निराळे. या दोहोंमध्ये केवढे अंतर असते आणि ते कसे कापता येते, याचा मोठा धडा एच.आय.व्ही.ने जगाला दिला आहे. तो आज समजून घेऊ.

प्रथम रोगाची ओळख. आंब्याच्या झाडावरचे बांडगूळ तुम्ही पाहिलेच असेल. झाडाच्या रसावर ते पोसते आणि झाड मात्र खंगत जाते. एच.आय.व्ही. हा विषाणूही असाच. तो रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींत शिरतो व त्यांच्याच जिवावर आपली संख्या वाढवतो. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदारच कमी झाले की क्षय, न्यूमोनिया अशा रोगांना रान मोकळे मिळते. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित आईकडून बाळाला, अशा वाटांनी हा विषाणू जातो. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा डास चावल्याने तो लागत नाही.

१९८१ साली अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी विषाणू शोधून काढला. आणि १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा गुणकारी उपचार हाती आला. तीन कशाला, असे तुम्ही विचाराल. कपाशीवर एकच औषध पुन्हा पुन्हा फवारले की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. या विषाणूचेही तसेच आहे. तिन्ही बाजूंनी एकदम कोंडले, तरच तो दबतो. मुळासकट जात नाही. म्हणून गोळी रोज व जन्मभर घ्यावी लागते.

आता किंमत ऐका. एका माणसाला वर्षाला १० ते १५ हजार डॉलर! रोगी बहुतेक आफ्रिकेतल्या गरीब देशांत, आणि औषध श्रीमंत देशांत. औषध असूनही लाखो माणसे मेली.

ही कोंडी फुटण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या सिप्ला या कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा हा उपचार वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी दरात, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय संस्थेला देऊ केला. हे जमले कसे? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. लाडवावर कोणाची मालकी नाही, मात्र लाडू करण्याच्या एखाद्या नव्या रीतीवर असू शकते, असा त्या कायद्याचा औषधांपुरता अर्थ होता. त्यामुळे आपले रसायनतज्ज्ञ तेच औषध निराळ्या रीतीने बनवू शकत. पुढे २००५ साली हा नियम बदलला. पण तोवर तिन्ही औषधे एकाच गोळीत घालून ती स्वस्तात करण्याचे काम आपल्या कारखान्यांनी करून दाखवले होते.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत ३९ औषध कंपन्यांनी सरकारच्या स्वस्त औषधांच्या कायद्याविरुद्ध दावा लावला होता. लोकमताच्या रेट्यापुढे एप्रिल २००१ मध्ये त्यांना तो मागे घ्यावा लागला. २००२ साली ग्लोबल फंड हा जागतिक निधी उभा राहिला, आणि २००३ साली अमेरिकेने मोठी मदत योजना जाहीर केली.

याचे फळ पाहायचे तर बोट्स्वाना पाहावा. दक्षिण आफ्रिकेच्या शेजारचा हा देश, त्या वेळची वस्ती सुमारे १७ लाख. प्रौढांपैकी तिघांत एकाहून अधिक बाधित, असा तेव्हाचा अंदाज होता. त्या देशाने २००२ साली सरकारी दवाखान्यांतून फुकट औषध सुरू केले. आफ्रिकेत देशभर असे करणारा तो पहिलाच. हिऱ्यांच्या खाणींचे उत्पन्न आणि बाहेरची मदत, दोन्ही कामी आली. गरोदर स्त्रियांची तपासणी नित्याची केली. उपचाराविना १०० बाधित मातांच्या १५ ते ४५ बाळांना विषाणू लागतो. उपचाराने हे प्रमाण ५ च्या खाली येते. बोट्स्वानाने ते करून दाखवले, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा गौरव केला.

साऱ्या जगाचा हिशेब असा: २००४ साली या रोगाने सुमारे २१ लाख माणसे दगावली, २०२४ साली सुमारे ६ लाख ३० हजार. सुमारे ४ कोटी ८ लाख बाधितांपैकी ३ कोटी १६ लाखांना औषध मिळत होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीतही सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही झाला.

२०२४ साली लेनाकॅपाविर या प्रतिबंधक इंजेक्शनची बातमी आली. ते सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे. दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनवण्याचा परवाना मिळालेल्यांत पुण्याची एमक्युअर ही कंपनीही आहे.

पण वाट निर्धास्त नाही. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने मदतीचा हात एकाएकी आखडता घेतला आणि अनेक देशांतील दवाखान्यांचे काम विस्कळीत झाले. रोजची गोळी चुकली की दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

शिवाय पैशाने न सुटणारी एक अडचण उरतेच, ती म्हणजे लाज आणि भीती. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत हे औषध फुकट मिळू लागले. तरी लोक काय म्हणतील म्हणून माणूस तपासणीलाच जात नाही, आणि औषध कपाटातच राहते. गुरुजनांना येथे विशेष सांगणे आहे. बाधित मुलाला शाळेत प्रवेश नाकारण्यास वा वेगळे बसवण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई तर आहेच, पण तो त्याच्या औषधात घातलेला खोडाही आहे, असे समजा. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट चार लोकांत होऊ देऊ नका. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट विचारता येते; तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट व गुप्त होते.

मुंबईचे औषध आफ्रिकेतल्या खेड्यापर्यंत गेले. आपल्या गावातल्या दवाखान्यापासून आपल्याच शेजाऱ्याच्या घरापर्यंत ते जावे, एवढे तर आपल्या हातचे आहे.