टपरीवरचा प्रश्न

गेल्या महिन्यात सकाळच्या मिस्साहून परतताना चहाच्या टपरीवर थांबलो. बाकावरच्या एका तरुणाने गळ्यातला क्रूस पाहून विचारले, "काय मास्तर, बाटायला किती मिळाले?" दोघे-तिघे हसले. वर्गात कुणी असे बोलला असता तर कान पिळला असता! मी काहीच बोललो नाही. पण नकळत क्रूस सदऱ्याच्या आत सारला. घरी आल्यावर त्या पोराच्या बोलण्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटली.

मग पंडिता रमाबाई आठवल्या. (त्या कॅथलिक नव्हत्या, म्हणून काय झाले?) १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यात नेले. १८९३ मध्ये 'मुली बाटवतात' असा गवगवा झाला. वर्तमानपत्रांनी झोडपले, सल्लागार मंडळी सोडून गेली, पालकांनी मुली काढून नेल्या. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. एवढाच तर त्यांचा गुन्हा! दार त्यांनी नंतरही लावले नाही. तीन-चार वर्षांत दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली केडगावला आणल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर गेलो, क्रूस सदऱ्यावर. तो होताच. म्हटले, "बाळा, मिळाले काही नाही रे. उलट दर रविवारी दानपेटीत टाकावे लागतात." टपरीवाला खो-खो हसला. पोरगा मोबाईलमध्ये बघत राहिला, पण बाकावर थोडा सरकला. मी बसलो.