मोटरहोममधले टीव्ही आणि एचडीएमआय मॅट्रिक्स

अमेरिकेतील जुन्या मोटरहोममध्ये बैठकीच्या व झोपण्याच्या जागेतले टीव्ही एकाच बटणांच्या पेटीला जोडलेले असत. छतावरचा अँटेना, सॅटेलाइट, व्हीसीआर यांतले काय कुठे दिसावे, हे ती पेटी ठरवी. सिग्नलचा सगळा प्रवास कोअ‍ॅक्सियल केबलमधून, बहुधा चॅनल 3 किंवा 4 वर. जून 2009 मध्ये तिथल्या मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबले. नव्या उपकरणांना एचडीएमआय ही डिजिटल जोडणी लागते आणि तिचा सिग्नल या पेटीतून जात नाही.

जुन्या पेटीच्या जागी एचडीएमआय मॅट्रिक्स स्विच बसवतात. साधा स्प्लिटर एकच चित्र सगळीकडे पाठवतो. मॅट्रिक्समुळे प्रत्येक टीव्हीला वेगळा स्रोत निवडता येतो. मुले मागे चित्रपट पाहत असताना पुढे सामना लावता येतो, म्हणून जास्तीचा खर्च सार्थकी लागतो. मात्र साखळीतले एक उपकरण जरी एचडीसीपी ही नक्कलरोधक व्यवस्था पाळत नसेल, तरी संरक्षित कार्यक्रमाच्या वेळी पडदा काळा पडतो. शिवाय टीव्हींची क्षमता वेगवेगळी असल्यास एकच स्रोत दाखवताना अनेक स्विच सर्वांत कमी रिझोल्यूशनवर उतरतात.

खरे कष्ट तारा ओढण्याचे. भिंती व कपाटांमागून एचडीएमआयचे जाड टोक सरकत नाही. तिथे नेटवर्कची कॅट-6 केबल आणि दोन्ही टोकांना एक्स्टेंडर सोयीचे पडतात. जुनी कोअ‍ॅक्सियल केबल मात्र काढू नये. अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला 12 व्होल्टचा पुरवठा बहुधा तिच्यातूनच होतो, आणि टीव्हीतला डिजिटल ट्यूनर स्थानिक वाहिन्या तिच्यावरूनच पकडतो.