विमानाला ‘जाऊ दे’ चालत नाही



मागच्या महिन्यात ऊस नोंदीच्या कामाने शहादे तालुक्यात फिरत होतो. एका सभासदाच्या बांधावर चहा चालला होता, इतक्यात डोक्यावरून एक लहानसं विमान घरघर करत धुळ्याच्या अंगाला गेलं. सगळ्यांच्या माना वर. सत्तरी गाठलेले एक आप्पा विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले आणि मला म्हणाले, “साहेब, इमान लेवाले किती पैसा लागतीन?”

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, “बैलगाडी व्हती तवय ट्रॅक्टरले बी लोके हासेत.”

मला उत्तर देता आलं नाही. रासायनिक खताची मात्रा, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा विचारली असती तर उभ्या उभ्या सांगितली असती. पण शेतकरी सभासदाने विचारलेला प्रश्न टाळायचा नाही, हा आमच्या शेतकी खात्याचा शिरस्ता आहे. म्हणून माहिती जमवली. ती जमवताना मला आपल्याच धंद्यातली एक जुनी गोष्ट आठवली. तीही शेवटी सांगणार आहे.

शेजारच्या धावपट्टीवरचं विमान

खाजगी विमानाची गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव हे पेशाने वैमानिक. त्यांनी कांदिवलीतल्या चारकोप भागात आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. होय, गच्चीवर! फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा ते सुटं करून खाली उतरवलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांना दाखवलं. विमान बांधून झालं तरी उडवायची परवानगी लगेच नव्हती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. आणि २०२० साली या विमानाच्या हवेतल्या चाचण्या झाल्या त्या आपल्या शेजारी, धुळ्याच्या धावपट्टीवर. १९९८ पर्यंत आपण धुळे जिल्ह्यातच होतो, तेव्हा ही गोष्ट घरचीच म्हणायची.

यात मला एक गोष्ट मोठी वाटली. माणूस स्वतः वैमानिक, विमान स्वतःच्या हाताने बांधलेलं, तरी चाकं जमिनीवरून उचलायला वर्षानुवर्षे थांबावं लागलं. प्रत्येक टप्प्याला तपासणी आणि प्रत्येक तपासणीला कागद. आपल्याला वाटतं सरकारी खातं अडवतं. पण विमान वरून पडलं तर ते मालकाच्या एकट्याच्या अंगणात पडत नाही.

विकत घ्यायचं तर

आता आप्पांच्या प्रश्नाकडे येतो. जगात लहान विमानांत सर्वांत जास्त खपलेलं विमान म्हणजे सेस्ना १७२. १९५५ साली ते प्रथम उडालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त तयार झाली. चार आसनं, एक इंजिन, एक पंखा. नवं घ्यायचं तर हिशेब कोटींत जातो. जुनं स्वस्त मिळतं, पण खरी मेख पुढेच आहे. ऊस तोडणी यंत्र घेतलेल्या सभासदांना हे लगेच कळेल. यंत्र उभं असलं तरी हप्ता चालूच. तसंच विमानाला उभं करायला हँगर पाहिजे, विमा पाहिजे, दरवर्षी उड्डाणयोग्यतेची तपासणी पाहिजे. इंजिन धड चालत असलं तरी साधारण २,००० तासांनी ते पूर्ण खोलून नवं करावं, असं बनवणारेच सांगतात. तेव्हा वर्षाला दहा-वीस तास उडणाऱ्याने स्वतःचं विमान घेणं म्हणजे दोन बिघे उसासाठी साखर कारखाना काढण्यासारखं आहे.

म्हणून शहाणी माणसं फ्लाइंग क्लबात जातात. क्लब म्हणजे एका अर्थी सहकारच! विमान सर्वांचं, खर्च तासावर. १९२८ साली मुंबईत जुहूला असा क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते लहानशा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. आणि बरोबर ५० वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला. तेव्हा आप्पा, वयाची काळजी करू नका.

कागद मात्र पुरे पाहिजेत. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला वय १७ पूर्ण, शिक्षण दहावी पास, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. डॉक्टरी तपासणी ठराविक मुदतीने पुन्हा करावी लागते. जुना १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे.

चार आसनं म्हणजे चार माणसं नव्हे

ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून आकडे देतो. सेस्ना १७२ च्या अलीकडच्या मॉडेलचं उडताना जास्तीत जास्त वजन १,१५७ किलो. रिकाम्या विमानाचं साधारण ७६५ किलो. राहिले ३९० किलो. टाक्या भरल्या तर वापरात येणारं पेट्रोल २०० लिटर, त्याचं वजन १४५ किलोच्या आसपास. उरले २४५ किलो. त्यात आपल्याकडची धडधाकट तीन माणसं आणि एक पिशवी! चौथ्याला बसवायचं तर पेट्रोल कमी करावं लागतं, आणि पेट्रोल कमी केलं तर लांब जायचं नाही.

वजन किती हे जसं बघायचं, तसं ते कुठे ठेवलं हेही बघायचं. चढावर भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, हे आपण पाहिलं आहे. विमानात सामान मागे जास्त झालं तर त्याचंही नाक असंच वर जातं, आणि तिथे खाली उडी मारायची सोय नसते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा चढला की हवा विरळ होते. विरळ हवेत पंख कमी उचलतात, इंजिनही कमी ओढतं आणि धावपट्टी जास्त लागते. सकाळी गारव्यात सहज उडालेलं विमान दुपारी त्याच पट्टीवरून, त्याच ओझ्याने उडेलच असं नाही.

उडण्याआधीची फेरी

वैमानिक विमानाजवळ आला की आधी आत बसत नाही. तो विमानाभोवती फेरी मारतो. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून बघतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. इंजिनात गेलं तर इंजिन हवेत बंद पडेल. मग ऑइलची पट्टी, टायर, पंख्याला टोचा, शेपटीचे आणि पंखांचे हलणारे भाग मोकळे आहेत का, हे सर्व बघतो. पंखाखाली वेग मोजणारी एक बारीक नळी असते. तिच्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं तर वेगाचा काटा खोटं सांगतो. एका माशीने माणूस मरतो, म्हणून त्या नळीला रोज टोपी घालायची आणि रोज आठवणीने काढायची.

हे सगळं तो तोंडपाठ करत नाही. हातात यादी धरून करतो. यादीची चाल पडली तिच्यामागे एक दुःखद घटना आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं नवं मोठं विमान चाचणीला उडालं आणि लगेच कोसळलं. दोघे जण दगावले. चालवणारा नवखा नव्हता, लष्कराचा मुरलेला वैमानिक होता. वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून जमिनीवर लावलेली खीळ काढायची राहून गेली होती, एवढंच. त्यानंतर ठरलं की माणूस कितीही हुशार असला तरी यादी वाचूनच विमान सुरू करायचं. आज नव्वद वर्षं झाली, ती चाल मोडलेली नाही.

वर गेल्यावर

लोकांना वाटतं, इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं. तसं नाही. सेस्नासारखं विमान एक किलोमीटर उंचीवरून वारा नसताना साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. तेवढ्यात मोकळं रान शोधायचं. इंजिन बंद पडण्यापेक्षा घात होतो तो नाक जास्त वर ओढल्याने. पंखावरची हवा सुटते आणि विमान ढासळतं. अशा वेळी नाक आणखी वर ओढावंसं वाटतं, पण करायचं उलट असतं. नाक खाली सोडायचं.

दुसरा घात ढगांचा. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने प्रयोग केला. ढगातून उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती निर्माण करून उडवलं. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणजे तीन मिनिटंही नाहीत! डोळ्यांना क्षितिज दिसत नसलं की कान फसवतो. विमान कलतं आणि माणसाला वाटतं आपण सरळ आहोत. म्हणून ढग पुढे दिसले की परत फिरायचं. परत फिरणारा वैमानिक भित्रा नव्हे.

हे सारं पाळणाऱ्यांनाही धोका उरतोच. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक शिकाऊ विमान कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. रस्ता नव्हता. गावातल्या आदिवासी बंधू-भगिनींनी धाव घेतली, एका माउलीने अंगावरचं लुगडं दिलं, त्याची झोळी करून मुलीला बाहेर काढलं. यंत्र कितीही भारी असलं तरी शेवटी माणसाला माणूसच उचलतो.

आता आपली गोष्ट

कबूल केल्याप्रमाणे जुनी गोष्ट सांगतो. मी नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याकडे होतो. हंगामाचे शेवटचे दिवस, गव्हाण रिकामी पडलेली, वरून सारखे निरोप. संध्याकाळी एका फडावर दोन ट्रॉल्या भरून तयार होत्या. ओझं जास्त होतं. मागच्या ट्रॉलीच्या हुकाची पिन झिजलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, काट्यापर्यंतच तर जायचंय.” मी चिठ्ठीवर सही केली आणि म्हणालो, “जाऊ दे.”

नाल्याच्या उतारावर पिन तुटली. मागची ट्रॉली सुटून उलटली. वर टोळीतला एक तरुण बसलेला होता. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली गेला. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसलेली होती. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. चौकशीत दोष पिनेवर गेला. पण पिन बोलत नाही. ‘जाऊ दे’ हे शब्द माझे होते.

विमानाची माहिती वाचताना मला पानोपानी ती पिन दिसत होती. यादी असती, आणि ती वाचल्याशिवाय सही करायची नाही असा नियम असता, तर दुसरी पिन घालायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं.

आपल्यापैकी विमान घेणारे किती निघतील, ठाऊक नाही. निघाले तर मला आनंदच आहे, पहिली फेरी आप्पांची. पण ट्रॅक्टर-ट्रॉली आपल्यापैकी पुष्कळांकडे आहे आणि गळीत हंगामात ती रात्रंदिवस रस्त्यावर असते. म्हणून माझी विनंती आहे. एका पुठ्ठ्यावर सहा ओळी लिहून ट्रॅक्टरला टांगा: ब्रेक, हुकाची पिन आणि तिची खीळ, टायर, मागचा दिवा व लाल परावर्तक, ओझं आणि दोर, ट्रॉलीवर माणूस नाही. फडातून निघताना ड्रायव्हरने मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक ठिकाणी हात लावून बघायचं. नुसतं बघून चालत नाही, पिन मी बघितलीच होती.

आमच्या गटातल्या शेतकी कर्मचाऱ्यांना मी सांगून ठेवलं आहे की, पुठ्ठा वाचल्याशिवाय चिठ्ठीवर सही नाही. त्यापायी कोणाची खेप अर्धा तास उशिरा निघाली तर राग माझ्यावर काढावा. गव्हाण अर्धा तास थांबेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी