भाचीविरुद्ध प्रचाराला निघालेली आत्या

फेब्रुवारी १९७७. लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या आणि जगजीवनराम यांनी काँग्रेस सोडून नवा पक्ष काढला होता. अशा वेळी डेहराडूनला निवृत्त जीवन जगणाऱ्या, ७६ वर्षांच्या विजयालक्ष्मी पंडित पुन्हा सार्वजनिक व्यासपीठावर आल्या आणि त्यांनी विरोधी पक्षांचा उघड प्रचार सुरू केला. ज्या पंतप्रधानांविरुद्ध त्या मते मागत होत्या, त्या इंदिरा गांधी म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाची कन्या.

तेव्हा मी महाविद्यालयात नुकताच प्रवेश केला होता. आमच्या पेढीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जात असे. ही बातमी वाचून झाल्यावर वडील म्हणाले, ‘घरातले भांडण ओट्यावर आणू नये.’ व्यापारी घराण्यात वाढलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असते. परंतु या बाईंचे चरित्र पुढे वाचले, तेव्हा वडिलांचे वाक्य येथे कितपत लागू पडते, याविषयी मला शंका वाटू लागली.

१८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबादच्या नेहरू घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२१ मध्ये त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. हे घराणे मूळचे कोकणातले सारस्वत, पण राजकोटला स्थिरावलेले. रणजित बॅरिस्टर आणि संस्कृतचे पंडित होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर आजही अभ्यासक पाहतात. कारावासात त्यांची प्रकृती ढासळली आणि १४ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि तीन मुली.

त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. पुत्र नसलेल्या विधवेची बाजू त्या काळच्या हिंदू कायद्यात फार दुबळी होती. संपत्तीवरून सासरच्यांशी वाद निर्माण झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या बाई १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या मंत्री होत्या, ज्यांनी अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले होते, त्यांच्यापुढेच मुलींच्या शिक्षणाचा खर्च कसा भागवावा हा प्रश्न उभा राहिला. अखेर महात्मा गांधींच्या सांगण्यावरून त्यांनी मनातली कटुता दूर करून दिराशी समेट केला.

बँकेतील नोकरीच्या काळात, पतीच्या निधनानंतर कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेल्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या. नामनिर्देशन नाही, मृत्युपत्र नाही, कोणत्या शाखेत कोणती ठेव आहे याची कल्पना नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला आणि मुलींना मुलाच्या बरोबरीचे वारस मानले. हा कायदा आपल्या जैन कुटुंबांनाही लागू आहे. तरीही पिशवी घेऊन येणाऱ्या भगिनींची संख्या कमी झाल्याचे मला कधी जाणवले नाही.

वैधव्याचे ते वर्ष संपता संपता पंडितबाई अमेरिकेला गेल्या आणि व्याख्याने देत फिरू लागल्या. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार होत होती. तेथे भारताचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. बाईंकडे कोणतेही पद नव्हते, तरी पारतंत्र्यातील भारताची खरी बाजू त्यांनीच परिषदेबाहेरून मांडली.

पुढच्याच वर्षी त्या अधिकृत शिष्टमंडळाच्या नेत्या म्हणून न्यूयॉर्कला गेल्या. सोबत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महमदअली करीम छागला होते. विषय दक्षिण आफ्रिकेचा होता. तेथील सरकारने १९४६ च्या कायद्याने भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वास्तव्यावर निर्बंध घातले होते. नाताळ प्रांतातील अनेक गुजराती व्यापाऱ्यांच्या दुकानांचा आणि घरांचा प्रश्न त्यात गुंतला होता. भारताने त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार थांबवला होता. ८ डिसेंबरला मतदान झाले. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश बहुमत आवश्यक होते. हिशेब करून पाहावा : बाजूच्यांपैकी एक मत जरी विरोधात गेले असते, तरी ठराव बारगळला असता. विजयानंतर बाई दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांच्याकडे गेल्या आणि वादात आपल्याकडून काही अधिकउणे बोलले गेले असल्यास क्षमा असावी, असे म्हणाल्या. महात्माजींनी निघतानाच तशी शिकवण दिली होती.

त्यानंतरची पदे सर्वश्रुत आहेत. मॉस्को आणि वॉशिंग्टन येथे राजदूत, १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष, नंतर लंडनला उच्चायुक्त. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणाचे सावट असताना, त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाले, तेव्हा राजभवन सोडून त्यांनी भावाच्या फूलपूर मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. १९६७ मध्ये पुन्हा निवडून आल्या, पण इंदिराजींच्या कारकिर्दीत त्यांना स्थान उरले नव्हते. १९६८ मध्ये त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला.

म्हणून १९७७ च्या प्रचाराला डावलल्याचा राग असेही कोणी म्हणेल. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत त्या जाहीरपणे फारशा बोलल्या नाहीत, हाही आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या व्यक्तीने जगाच्या सभेत स्वातंत्र्याची बाजू मांडण्यात आयुष्य घालवले, तिने मायदेशात वृत्तपत्रांवर नियंत्रण आणि विरोधक तुरुंगात असताना नात्यासाठी गप्प राहावे, हे मला पटत नाही. भांडण घरातले असेल तर ते घरातच मिटवावे. येथे पेढीच सर्वांची होती.

मार्चमध्ये काँग्रेस हरली. राष्ट्रपतिपदासाठी बाईंचे नाव चर्चेत आले, पण ते पद नीलम संजीव रेड्डी यांच्याकडे गेले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. डेहराडूनलाच १ डिसेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात राष्ट्रप्रमुखांच्या भेटी आहेत, लंडनची मेजवानी आहे, आणि पतीच्या निधनानंतरच्या त्या संपत्तीच्या वादाची हकिकतही आहे.